‘कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ : आडव्या आलेल्या एका आकड्याचा इतिहास

नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही काढलाय. आज आकडे भरपूर आहेत, आणि कानावरून गेलेले आकडे डोळ्यांनी बघितले की जास्त कळतात. एक सूचना आधीच देतो. कॉम्प्युटरचे आदेश मी बोललो तसे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच करायचे.

आपण एरवी दुष्काळ, यात्रा, बाजारपेठा, जुने वाडे यांच्यावर बोलतो. मग आज एकदम सॉफ्टवेअर कशाला? कारण सरळ आहे. तुमच्यातले कितीतरी जण हल्ली घरातल्या पेट्या उघडून आजोबांचे कागद, मोडीतली खतं, गावाचे नकाशे, यात्रेचे फोटो स्कॅन करताय. आणि स्कॅन झाल्यावर पुढच्या पायरीवर बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते : ‘कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड’. कॅश नव्हे हं, कॅशे! पैसे संपलेले नाहीत, चित्र मांडून ठेवायला दिलेली जागा संपली आहे.

ही ओळ टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव इमेजमॅजिक. फुकट मिळतं, खिडक्या-बटणं नाहीत, आदेश टाइप करायचा आणि काम करून घ्यायचं. शंभर फोटो एका ओळीत फिरवा, कापा, उजळा, पीडीएफची पानं वेगळी करा. जुने कागद हाताळणाऱ्यांसाठी हे मोठंच हत्यार आहे. पण ते मध्येच ‘नाही’ का म्हणतं? त्या ‘नाही’ला एक इतिहास आहे. तो माहीत असला की कोणती मर्यादा वाढवायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे आपोआप कळतं. आजचा सगळा भाग एवढ्यासाठीच.

२५६ रंगांची खिडकी

गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत. तिथे जॉन क्रिस्टी नावाचा प्रोग्रामर काम करत होता. त्याच्यापुढे अडचण अशी आली की चित्रं होती २४ बिटांची, म्हणजे दीड कोटीहून जास्त रंगछटांची, आणि त्या काळचे पडदे एका वेळी दाखवायचे फक्त २५६ रंग. एवढी मोठी चित्रं एवढ्याशा खिडकीतून दाखवायची कशी? नेमके कोणते २५६ रंग निवडले की चित्र चित्रासारखं दिसेल? या कामासाठी क्रिस्टीने जे लिहिलं, त्यातून इमेजमॅजिक उभं राहिलं. १ ऑगस्ट १९९० रोजी कंपनीच्या परवानगीने ते यूजनेटवर सगळ्यांसाठी खुलं झालं.

इथे जरा थांबा. ज्या सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर आपण आज वैतागतो, ते जन्मालाच आलं एका मर्यादेत बसण्यासाठी.

त्याच सुमारास युरोपात दुसरी मंडळी उलट्या बाजूने त्याच प्रश्नाला भिडत होती. १९८९ मध्ये व्हासारी नावाचा प्रकल्प सुरू झाला. लंडनच्या नॅशनल गॅलरीसारख्या संग्रहालयांतली चित्रं अतिशय बारकाईने स्कॅन करायची, असा बेत. ती स्कॅन इतकी मोठी की तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत मावायचीच नाहीत. म्हणून त्यांनी असं सॉफ्टवेअर लिहिलं, जे पूर्ण चित्र एकदम उचलत नाही. लागेल तेवढा तुकडा घेतं, काम करतं, लिहून टाकतं, पुढचा तुकडा घेतं. त्याचं आजचं नाव लिबव्हिप्स. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

घागर, रांजण, हौद

आता मर्यादा नक्की कसली, ते समजून घेऊ. आपल्या माणदेशात हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. टँकर आला की काय करतो आपण? आधी घागर भरतो. घागर भरली की रांजण. रांजण भरला की अंगणातला हौद. हौदही भरला की टँकरवाल्याला हात दाखवून सांगतो, बास.

इमेजमॅजिक अगदी असंच वागतं. चित्र उघडलं की आधी ते मेमरीत, म्हणजे रॅममध्ये मांडायला बघतं. ही घागर. तिथे मावलं नाही तर ‘मॅप’, म्हणजे डिस्कवरची फाइल मेमरी असल्यासारखी वापरायची. हा रांजण. तेही पुरलं नाही तर सरळ डिस्क. हा हौद. हौदात पाणी मावतं, पण ते काढायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या चित्राला कॉम्प्युटर घरघरत बसतो. आणि हौदही पुरला नाही की ती ओळ येते : एक्झॉस्टेड.

प्रत्येक भांड्याचं माप एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. तिचं नाव ‘पॉलिसी डॉट एक्सएमएल’. इमेजमॅजिकची सहावी आवृत्ती असलेल्या उबंटूवर ती उघडली, तर सहसा हे आकडे दिसतात : मेमरी २५६ मेबीबाइट, मॅप ५१२ मेबीबाइट, डिस्क १ गिबीबाइट, आणि चित्राची रुंदी किंवा उंची जास्तीत जास्त १६,००० पिक्सेल.

तुम्ही म्हणाल, माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, मग हे एवढंसं माप कुणी ठरवलं? त्याचंच उत्तर पुढे आहे.

अनोळखी माणसाचा फोटो

१९९० मध्ये इमेजमॅजिक चालवणारा माणूस स्वतःच्याच कॉम्प्युटरवर स्वतःचीच चित्रं उघडायचा. पुढे वेब आलं. वेबसाइटवर कुणीही फोटो चढवतो आणि मागे बसलेला सर्व्हर त्याची छोटी प्रत बनवतो. हे मागचं काम जगभर असंख्य ठिकाणी इमेजमॅजिक करू लागलं. म्हणजे आता ते अनोळखी माणसाने दिलेली फाइल उघडत होतं. सगळा फरक इथे पडला.

जेपीईजी फाइलमध्ये रुंदी आणि उंची प्रत्येकी ६५,५३५ पिक्सेलपर्यंत लिहिता येते. कुणी पूर्ण पांढऱ्या रंगाचं तेवढं मोठं चित्र बनवलं, तर एकच रंग असल्याने त्याची फाइल चित्राच्या मानाने अगदी किरकोळ होते. पण उघडताना? ४२९ कोटी पिक्सेल. इमेजमॅजिकच्या सहाव्या आवृत्तीच्या नेहमीच्या बांधणीत एका पिक्सेलला ८ बाइट लागतात. गुणाकार करा, ३४ जीबीच्या वर जातो. असे दोन-चार फोटो चढवले की सर्व्हर आडवा. याला डीकम्प्रेशन बॉम्ब म्हणतात. मापाचे आकडे तंग ठेवण्यामागे ही भीती आहे.

दुसरा धक्का बसला मे २०१६ मध्ये. इमेजमॅजिकमध्ये अशी फट सापडली की नावाला चित्र असलेल्या फाइलीत चक्क कॉम्प्युटरला द्यायचा आदेश लपवता येत होता. सर्व्हरने चित्र म्हणून ती उघडली की आदेश चालायचा. या प्रकरणाला ‘इमेजट्रॅजिक’ असं नाव पडलं. दुरुस्ती पोचेपर्यंत काय करायचं? तर सगळ्यांना सांगितलं गेलं, पॉलिसी फाइल उघडा आणि धोक्याचे प्रकार तिथे बंद करा. तोवर जी फाइल कुणी फारशी उघडून बघत नव्हतं, तीच एकदम दाराची कडी झाली.

तिसरा धक्का ऑगस्ट २०१८ चा. पीडीएफ उघडण्यासाठी इमेजमॅजिक घोस्टस्क्रिप्ट नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामची मदत घेतं. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या टॅव्हिस ऑर्मंडीने घोस्टस्क्रिप्टमधल्या गंभीर फटी उघड केल्या. मग पॉलिसी फाइलीत पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्ट हे प्रकारच बंद करण्याचा सल्ला दिला गेला आणि उबंटू-डेबियनसारख्यांनी तो अमलात आणला. पीडीएफ उघडताना ‘नॉट अलाउड बाय द सिक्युरिटी पॉलिसी’ अशी ओळ दिसली, तर ती या प्रसंगाची आठवण आहे. तिचा जागेशी काही संबंध नाही.

म्हणजे बघा, त्या एका फाइलीत दोन वेगळ्या जातीचे नियम शेजारी शेजारी बसलेत. एक भांड्याच्या मापाचे, दुसरे दाराच्या कडीचे. गोंधळ होतो तो या दोघांना एकच समजल्यामुळे.

म्हसवडचा नकाशा

आता आपल्या गावाकडे येऊ. म्हसवड परिसराचा एक मोठा नकाशा माझ्याकडे स्कॅन करायला आला होता. मागे कापड लावलेला, घड्यांवर झिजलेला, आकाराने साधारण ए-झीरो, म्हणजे ८४१ गुणिले १,१८९ मिलिमीटर. त्यावर ओढे, विहिरी, वाटा, वस्त्यांची नावं, सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. ३०० डीपीआयने स्कॅन केला. नकाशा थोडा तिरका आला होता, तो सरळ करायचा आदेश दिला आणि आली ओळ : कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड.

हिशेब मांडून बघू. ३०० डीपीआयला ए-झीरो होतो ९,९३३ गुणिले १४,०४३ पिक्सेल. म्हणजे १३ कोटी ९४ लाख पिक्सेल. गुणिले ८, म्हणजे १११ कोटी ५९ लाख बाइट. आणि हौदाचं, म्हणजे डिस्कचं माप? १ गिबीबाइट, १०७ कोटी ३७ लाख बाइट. फक्त ४ कोटी २२ लाख बाइटने हुकलं. फोनमधल्या एका छोट्या व्हिडिओएवढी जागा!

स्कॅन करणारा मुलगा शेजारीच होता. म्हणाला, “दादा, फोटो निम्मा करून टाकू का? निघंल लगेच.” निघाला असता, यात शंका नाही. पण निम्म्या आकारात विहिरींची नावं वाचता आली नसती. आणि नकाशात खरा ऐवज तोच आहे. वस्तीचं जुनं नाव, बुजलेल्या विहिरीची जागा, मोडलेली वाट, हे आता दुसरीकडे कुठे लिहिलेलं असेलच असं नाही. मूळ कागद आणखी किती पावसाळे काढेल, कुणी सांगावं? व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून धुरकट झालेले जुने फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. नकाशाचं तसं होऊ द्यायचं नसतं.

दुसरा मार्ग इंटरनेटवर कुणीही सांगतो : पॉलिसी फाइलच उडवून टाक. काम होतं, पण मापाबरोबर कडीही निघून जाते. मग उद्या कुणी पाठवलेली भलतीच फाइल त्याच कॉम्प्युटरवर उघडली, तर अडवायला कुणी उरत नाही.

तर मग करायचं काय? पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, ओळ नीट वाचा. ‘विड्थ ऑर हाइट एक्सीड्स लिमिट’ म्हणजे चित्र लांबी-रुंदीला जास्त आहे. ‘कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ म्हणजे भांडी भरली. ‘सिक्युरिटी पॉलिसी’ म्हणजे दाराला कडी आहे. तीन आजार, तीन औषधं.

दुसरी, आपली भांडी केवढी आहेत ते बघा. ‘आयडेंटिफाय’, मग जागा सोडून डॅश ‘लिस्ट’, मग ‘रिसोर्स’. सगळी मापं समोर येतात. ‘रिसोर्स’च्या जागी ‘पॉलिसी’ लिहिलं की नियम कुठल्या फाइलीतून आले, तेही दिसतं.

तिसरी, आधी मागणी कमी करता येते का ते बघा. चित्र लहान करून नव्हे, एका वेळी थोडं काम देऊन. जुन्या पुस्तकाच्या पीडीएफचं उदाहरण घ्या. ए-फोर पान ३०० डीपीआयला सुमारे ७० मेगाबाइट जागा घेतं. २०० पानांचं पुस्तक एका आदेशात दिलं तर इमेजमॅजिक सगळी पानं एकदम उघडून ठेवतं. म्हणजे झाले १४ जीबी. घागर, रांजण, हौद मिळून कागदावरच्या हिशेबाने पंचवीसेक पानांतच भरतात. त्यापेक्षा पॉपलर या संचातला ‘पीडीएफइमेजेस’ हा प्रोग्राम वापरा. स्कॅन केलेल्या पीडीएफमधली मूळ चित्रं तो आहेत तशी बाहेर काढतो. नाहीतर ‘पीडीएफटूपीपीएम’ आहे, तो एकेक पान चित्र करून देतो. मग ती पानं इमेजमॅजिकला एकामागून एक द्या. यात पॉलिसीतली पीडीएफची कडी काढावीच लागत नाही. पुढे टेसरॅक्टने मराठी मजकूर ओळखून घ्यायचा असेल, तर त्यालाही अशी सुटी पानंच सोयीची.

चौथी, तरीही भागलं नाही तर फक्त अडलेलं माप वाढवा. फाइलीची एक प्रत बाजूला ठेवा. प्रशासकाच्या अधिकाराने फाइल उघडा, ‘डिस्क’ची ओळ शोधा, १ च्या जागी ४ लिहा. ४ का? चित्र सरळ करताना जुनं आणि नवं अशी दोन्ही एकाच वेळी मांडून ठेवावी लागतात, म्हणजे आपल्या नकाशाला सव्वादोन जीबीच्या आसपास हवेत. वर थोडी मोकळीक. ५० लिहायची गरज नाही. आणि डिस्कवर तेवढी जागा खरंच रिकामी आहे ना, ते आधी बघा. नकाशा एवढ्यानेच सरळ झाला, आणि कडीच्या ओळींना हातही लागला नाही.

कुणी म्हणेल, फाइल कशाला बदलायची, आदेशातच डॅश ‘लिमिट’ लिहून माप वाढवतो. तसं होत नाही. डॅश ‘लिमिट’ने माप कमी करता येतं, पॉलिसीच्या वर नेता येत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. दारावर आलेल्या पाहुण्याने घराचा नियम बदलायचा नसतो.

पाचवी, चित्र फारच मोठं असेल तर लिबव्हिप्सकडे जा. हाच नकाशा ६०० डीपीआयने घेतला तर पिक्सेल चौपट होतात आणि मागणी साडेचार जीबीपर्यंत जाते. अशा वेळी तुकड्या-तुकड्याने काम करणारं हत्यार बरं. संग्रहालयातल्या चित्रांसाठी शोधलेली युक्ती माणदेशातल्या नकाशालाही चालते.

तुमच्या फोनचं काय?

बरेच जण फोनवरच ऐकताय, म्हणून हेही सांगतो. २०० मेगापिक्सेलवाल्या काही फोनचा पूर्ण आकाराचा फोटो १६,३२० गुणिले १२,२४० पिक्सेलचा असतो. म्हणजे सिद्धनाथाच्या रथाचा तुमचा झकास फोटो उबंटूवर नेलात, तर १६,००० च्या मर्यादेला ३२० पिक्सेलने अडकणार. आणि रुंदीचं माप वाढवलं तरी १६० कोटी बाइट हवेत, म्हणजे पुढे हौदही अपुरा पडणार. दोन्ही मापं बदलावी लागतील. ओळ वाचायची सवय लावा म्हणतो, ती यासाठी. पहिली अडचण सुटली की दुसरी वेगळ्या नावाने समोर येते.

ॲन्ड्रॉइडवर टर्मक्स टाकून इमेजमॅजिक चालवता येतं. पण तिथे उत्साहात मापं वाढवू नका. फोनची रॅम संपत आली की ॲन्ड्रॉइड कुणाला न विचारता प्रोग्राम बंद करून टाकतो. कारण सांगून थांबणारी मर्यादा त्या मानाने बरी म्हणायची.

‘नाही’चं काय करायचं

म्हसवडला ‘नाही’ ऐकण्याचा अनुभव जुना आहे. माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. चेतना सिन्हा आणि इथल्या बायकांनी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे पहिला अर्ज केला, तेव्हा तो नाकारला गेला. कारण अर्जावर अंगठे होते, अनेकजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. या बायकांनी दोन गोष्टी केल्या. लिहायला-वाचायला शिकल्या. आणि परत जाऊन सांगितलं, आम्हाला हिशेब येतो, व्याज तोंडी काढून दाखवतो, घ्या परीक्षा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

नियम कशासाठी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. बँक बुडू नये, लोकांचे पैसे सुरक्षित राहावेत, ही त्यामागची काळजी रास्तच होती. ती काळजी न मोडता त्यांनी आपली जागा मिळवली. एका एक्सएमएल फाइलीची बरोबरी मी त्यांच्या झगड्याशी करत नाही. पण रीत तीच घ्यावी असं मला वाटतं. ‘नाही’ कुणी म्हटलं, कधी म्हटलं, कशाच्या भीतीने म्हटलं, हे आधी विचारायचं. भीती आपल्याला लागू नसेल, तर तेवढंच माप वाढवायचं. घरच्या लॅपटॉपवर आपलाच नकाशा उघडताना डीकम्प्रेशन बॉम्बची भीती नाही, म्हणून डिस्क ४ करायला हरकत नाही. पण उद्या तुम्ही गावाच्या फोटोंची वेबसाइट काढली आणि लोकांना फोटो चढवायला सांगितले, तर तिथे तेच १ ठेवा. त्या दिवशी तुम्ही रांगेतले राहत नाही, टँकरवाले होता.

या आठवड्यात एक काम करा. घरात एखादा मोठा कागद असेल, नकाशा, वंशावळ, जत्रेचा फलक, तर तो पूर्ण बारकाईने स्कॅन करा आणि मूळ फाइल न दाबता, न लहान करता दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढचं काम आज जमलं नाही तरी चालेल. मर्यादा उद्या वाढवता येते, पण लहान करताना गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

काही अडलं तर आलेली ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा. ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका, बरं का. भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम मंडळी!